वाट्यात नसलेलं आतडं

कोचकोर,
३ ऑगस्ट

प्रिय कुबातदादा,

"नाक धरून धुतलंस तर घाण आतच राहते," असं तू मला ओढ्यावर म्हणाला होतास. मी दहा वर्षांची, हातात मेंढीचं ओलं आतडं, आणि तू सुरी पुसत हसत होतास. सकाळपासून तेच डोक्यात आहे, म्हणून आधी ते लिहिलं. आता रीतीप्रमाणे विचारते. तुम्ही सगळे बरे आहात ना? घोड्या दूध देतायत ना? कुरणावर फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी दूधगाडीबरोबर पाठवतेय.

इकडे ठीक. खरंच ठीक. सोमवारी बिश्केकला तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला नि म्हणाल्या, "स्वच्छ. जा आता, शाळा उघडेपर्यंत झोप काढा." बाहेर येऊन मी उभ्या उभ्या मटण भरलेले दोन गरम सामसे खाल्ले. तोंड भाजलं, तरी हसत होते.

तुम्हा सगळ्यांना मी पित्ताशयातले खडे म्हणून सांगितलं. खडे नव्हते. आठ महिने रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून गप्प. सदतीस वर्षांची गणिताची बाई, असलं कुणाला सांगणार? मोठ्या आतड्याचा कर्करोग होता.

बघ, लिहिलं. चहासुद्धा गार झाला नाही.

वीतभर आतडं काढलं. तीन महिने पोटावर पिशवी होती. चुलतबहिणीच्या लग्नात म्हाताऱ्यांनी आशीर्वादाला हात उचलले आणि नेमकी तेव्हाच पिशवी बोलली. सगळ्यांनी शेजारच्या जुमाकाकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता पिशवी गेली, काकांची माफी तेवढी राहिली.

ऑपरेशननंतर तू मेंढी कापून माझा वाटा पाठवलास. त्यात आतडं नव्हतं. आपल्या घरच्या वाट्यात असं कधी झालंय? गेल्या महिन्यात खाली आली तेव्हा जयनागुलवहिनी म्हणाली, "त्यांनीच काढून ठेवलं. म्हणाले, तिला ते दाखवू नकोस." खडे झालेल्या बाईला आतडं का दाखवायचं नाही, दादा?

मी तिचा पिच्छाच पुरवला. शेवटी वैतागून म्हणाली, "मला कशाला मध्ये घालतेस गं! बाबांचंच दुखणं तिला लागलं, असं म्हणत होते."

मला तर बाबांच्या पोटात व्रण होता असंच सांगितलं होतंत. आजाऱ्याला सांगायचं नसतं, म्हणून डॉक्टरांनी तुला एकट्याला बोलावलं असणार. तू वीस वर्षांचा. बाबांना सांगितलं नाहीस, आणि तेरा वर्षांच्या मला कुठून सांगणार? चोवीस वर्षं ते एकट्याने वाहिलंस. आणि मी इकडे, "घरात कुणाला होतं का?" असं डॉक्टरांनी विचारलं की ठामपणे नाही म्हणत होते.

आठवडाभर तुझ्यावर रागावले होते. मग लक्षात आलं, खडे म्हणणारी मी तुझीच बहीण. राग गेला. आता फक्त हलकं वाटतंय, आणि तुझ्यासाठी भीती वाटतेय.

कारण वहिनी आणखीही काही बोलली. वसंतापासून तू पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीस. परसाकडे गेलास की बराच वेळ येत नाहीस. विचारलं तर म्हणतोस, "म्हातारा झालो." चव्वेचाळिसाव्या वर्षी? बाबा गेले तेव्हा शेहेचाळीसचे होते.

एकवीस तारखेला मी डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव लावलंय. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट रिकामं करायचं, दुसऱ्या दिवशी गुंगी देतात. काही कळत नाही. मला तर स्वप्नात आपला ओढा दिसला.

तू म्हणशील, "पुरुषाने तिथून नळी घालून घ्यायची? आणि मेंढरं कोण बघणार, तू?" म्हणशीलच. चिठ्ठी चुलीत टाकशील, हेही माहीत आहे. तरी मागते. वीस तारखेला दूधगाडीत बसून खाली ये. मी दाराबाहेर बसून राहीन. लोकांना आपण खडे म्हणून सांगू.

ये, दादा.

नाक न धरता धुवायला तूच शिकवलेली,
बुरुल