अकरा मुली आणि एक नकाशा

गिरड, ९ मार्च १९५५

प्रिय बंडू,

शाळा तपासणीचा दौरा अजून संपलेला नाही, मी मात्र संपत आलो आहे. गुडघे बोलतात, आणि फळा दिसला की डोळे मिटावेसे वाटतात. आज आपण मास्तरकी शिकलो त्या नॉर्मल स्कूलची आठवण आली. पाठाच्या परीक्षेला आपण दोघं तुझा एकच कोट आलटूनपालटून घालायचो, आणि तुझ्या लांब हातांमुळे बाह्या माझ्या बोटांवर यायच्या. परीक्षकांच्या ते लक्षात आलं होतं, पण ते काही बोलले नाहीत.

जानेवारीत मी तुझ्याकडून न जेवता निघालो. वहिनींनी पानं वाढली होती. कारण तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता सांगतो. तुमच्या भागात दोन मिडल स्कूल, आणि दोन्हींना पुरतील इतके मास्तर जनपद सभेकडे नाहीत. कोणती ठेवायची ते माझ्या रिपोर्टावर ठरणार होतं. मंगळवारी पिंपळझरीची शाळा पाहिली. पक्की इमारत, भिंतीवर जगाचा नकाशा, पुढच्या रांगेत अकरा मुली. त्यातली कोकिळा टकळीवर असं सूत काढत होती की तार एकदाही तुटली नाही. गुरुवारी तुझ्या कुडाच्या शाळेत आलो, तर तीच कोकिळा, तेच सूत, आणि कोपऱ्यात शाईचा डाग पडलेला तोच नकाशा. माझं डोकंच फिरलं. बंडू मला फसवतो, मुलीसुद्धा उसन्या आणतो! हजेरीपट न उघडताच मी सही केली आणि तुझी शाळा बंद करावी असं लिहून मोकळा झालो.

परवा जाम गावी मोटारीची वाट पाहत होतो. कोकिळेचे वडील नत्थूजी कापसाची गाडी घेऊन उभे होते. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, पोरी आमच्याच गावच्या. पिंपळझरीच्या शाळेत पोरी नाईत, म्हणून हेडमास्तर मांगाले आलते. बंडू गुरुजीनं पोरी देल्ल्या अन् नकाशा आणला."

अकरा मुलींच्या बदल्यात एक नकाशा! बंडू, तुझ्यापुढे हात टेकले. बंदचा हुकूम आला तरी तू गप्प राहिलास. बोललो तर त्या हेडमास्तराची नोकरी जाईल, असंच तुझ्या मनात असणार. पिंपळझरी नाल्यापलीकडे अडीच कोस. नत्थूजी शांतपणे म्हणाले, "पोरीले तिकडं रोज नाई धाडणार मी." त्यांचा रागही नव्हता, म्हणून जास्त लागलं.

उद्या वर्ध्याला जाऊन दुसरा रिपोर्ट देणार आहे. त्यात पहिली चूक माझीच लिहिली आहे: हजेरीपट पाहिला नाही. निवृत्तीला आठ महिने उरले असताना हे लिहावं लागलं. वर्ध्याचे वरचे साहेब ऐकतीलच असंही नाही, आणि माझ्या एकट्याच्या शब्दावर तर नाहीच. म्हणून हे पत्र. सोमवारी हजेरीपट घेऊन वर्ध्याला ये. त्या हेडमास्तरासाठी काय रदबदली करायची ती मी करीन, पण कोकिळेसाठी तुला बोलावंच लागेल. आपल्या त्या परीक्षकांनी कोट ओळखला होता, तरी आधी आपला पाठ ऐकून घेतला. मी तुझा ऐकला नाही, बंडू. मला क्षमा कर.

तुझाच, अजून उपाशी,
मधू