दुकानाचं शटर

जयेश,

उर्वीला कडेवर घेऊन बडा गणपतीजवळच्या शटरवाल्याकडे चाललेय. या वेळी पसंत मी करणार.

तू आणि तुझ्या विक्रमभियांनी बेडरूमच्या खिडकीला धुळीच्या आंधीसाठी जे लावून घेतलंत ते दुकानाचं शटर आहे, गॅलरीत उभं राहून खाली ओढायचं. दुकानदार शटर पाडून घरी जातो. आपण तर आतच राहतो ना? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

काल आंधी आली म्हणून उर्वीला पलंगावर ठेवून ते ओढायला गेले. हवेने गॅलरीचं दार आपटलं आणि लॅच लागला, मी बाहेरच अडकले. दहा मिनिटं ती आत रडत होती. शटर पडलेलं, त्यामुळे मला दिसतही नव्हती. शेजारच्या मालवीय भाभींकडे आपली चावी होती म्हणून माझ्या हाका ऐकून त्यांनी येऊन उघडलं. आणि तू फोनवर हसून म्हणतोस, "अरे, आंधीच तर होती."

वरण-भात कुकरमध्ये आहे, गरम करून घे. आतून बंद होणारं शटर लागेपर्यंत आंधी आली की तू ओढ. तू घरी नसशील तर काचा फुटू देत. मी तिला एकटं सोडून बाहेर जाणार नाही.

अनुश्री