दोन रकान्यांवरून गेलेली ओळ

मंगळवार, संध्याकाळी साडेसात. पंचवटी.

पेपर तपासताना डोकं फिरलं. अमेरिका आणि अल्जीरिया यांच्या स्वातंत्र्ययुद्धांच्या कारणांतला फरक स्पष्ट करायचा होता. पेठ तालुक्यातल्या एका मुलीने दोन्ही रकान्यांवरून एकच ओळ लिहिली: 'ज्यांच्याबद्दल ठरवलं, त्यांना कुणी विचारलंच नाही.' फरक कुठाय? शून्य दिलं.

तेवढ्यात धाकटा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फुलांच्या मळ्यातला माझा वाटा त्याच्या नावावर करायचा.

"ताई, सगळं ठरलंय. तू फक्त सही कर."

"कुणी ठरवलं?"

"अगं, बहिणी सोडतातच ना!"

आत येऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. मी शून्य कशाला दिलं होतं?

खोडून पाच केले आणि पेनला टोपण लावलं. तो बाहेर सहीसाठी थांबलाय. थांबू दे.