ड्रिल मशीन आणि इतर शस्त्रांबाबत खुलासा

जुरोंग ईस्ट, सिंगापूर
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप आप्पांच्या चरणी जावई निशिकांतचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही इथे खुशाल आहोत. हे वाक्य मी सवयीनं लिहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलंय, कारण सध्या तुम्हाला त्याबद्दल शंका असणार. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी घाटाच्या पायऱ्या उतरायला मनाई केली असं मेव्हणेबुवांनी, म्हणजे सारंगने कळवलं. (मग तुम्ही डॉक्टरच बदललात, असंही कळवलं.) आई गेल्यापासून तुमच्यावर ओरडणारं घरात कोणी उरलं नाही, त्यामुळे हे काम तुमची लेक संजीवनी इथून करणार आहे. तयारीत राहा.

मंगळवारी तुमचा मेसेज आला: ‘जावईबापू, पोलीस घरी आले होते म्हणे?’ तो वाचून मी कंपनीच्या धावत्या बसमध्ये ताडकन उभा राहिलो. (धावत्या बसमध्ये उभं राहायला मनाई आहे, आणि तो नियम करणारा माणूस मीच आहे.) फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला फोन लावला की संजीवनी शेजारी येऊन बसते, आणि व्हॉट्सॲपवर ‘पिस्तूल’ हा शब्द लिहायची या देशात माझी छाती होत नाही. म्हणून हे कागदी पत्र. तीस वर्षं पोलीस खात्यात तुम्ही लोकांचे जबाब घेतलेत. हा एक घरचा घ्या.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. आमच्या डिपार्टमेंटमध्ये रोहन नावाचा ठाण्याचा मुलगा आहे. दरवर्षी आमची एक सहल असते आणि दरवर्षी आम्ही बोलिंगला जाऊन कंबर धरून परत येतो. या वर्षी त्याने एका नेमबाजीच्या क्लबात नेलं. रीतसर पहारा, सही-शिक्का, ओळखपत्र. कानावर आवाज रोखणारे डबे चढवले, हातात छर्ऱ्याचं पिस्तूल दिलं आणि दहा मीटरवर कागद टांगला. मी चाप दाबला. कागद सरकत जवळ आला तेव्हा बरोबर मधल्या वर्तुळात भोक होतं. पहिल्याच फटक्याला दहापैकी दहा.

आप्पा, माझं काम तुम्हाला माहीत आहे. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात मी सेफ्टी बघतो. बावीस वर्षं बघतोय. हे काम उत्तम झालं तर काहीच घडत नाही. आग लागत नाही, वायू गळत नाही, कोणी शिडीवरून पडत नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी पाठ थोपटत नाही, उलट ‘हा माणूस दिवसभर करतो काय’ असं विचारतात. आणि इथे माझ्या हातून काहीतरी घडलं होतं, कागदाला भोक पडलं होतं, ते बोट घालून बघता येत होतं. मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. (तुमच्या मुलीच्या फोटोमागे. फोटो पुढेच आहे.)

त्या दिवसापासून मी बिघडलो. आधी शनिवारी, मग शनिवार-बुधवार, मग ‘कॉन्फरन्स कॉल आहे’ म्हणून शुक्रवारीही जायला लागलो. छर्ऱ्यांवरून बावीस बोअरच्या खऱ्या पिस्तुलावर बढती झाली. तिथल्या मुख्य शिक्षिका मॅडम गोह, वय वर्षं अडुसष्ट, उंचीने माझ्या खांद्याला लागतील, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणाल्या की नाडी शांत हवी, तर मी चहा सोडला. (मी. चहा.) सपाट तळाचे बूट घेतले, एका डोळ्यावर झापड असलेला चष्मा घेतला. माझ्या हाताच्या मापाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ कुठे मिळेल, यासाठी मी इटलीतल्या एका सुताराशी पत्रव्यवहार केला. हवाई पिस्तुलाचा चाप पाचशे ग्रॅमला सुटतो, ही माहिती मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सत्यनारायणाला एका डॉक्टरीणबाईंना शिरा खाता खाता सांगितली, आणि थोड्या वेळाने बघितलं तर त्यांचे यजमान त्यांना ताटासकट दुसऱ्या खोलीत घेऊन गेले होते. एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभा राहून मी एक डोळा मिटून समोरच्या नकाशावरचं पाया लेबार स्टेशन टिपत असे. संजीवनीचं ऑफिस तिथे आहे हे खरं, पण त्यात काही सुप्त अर्थ काढू नये. तुमची नात तन्वी माझ्यापासून दोन डबे लांब बसायला लागली. तिचं इथल्या इंग्रजीत म्हणणं एवढंच, “पा, एव्हरीबडी इज लुकिंग, लाह.”

आता पोलिसांचं.

इथला कायदा तुमच्या कल्पनेपेक्षाही कडक आहे. पिस्तूल क्लबाच्या कुलपाबाहेर जात नाही. खऱ्यासारखं दिसणारं खेळणंसुद्धा मागवायची सोय नाही. (मी चौकशी केली होती. चौकशी करायलाच नको होती.) पण मॅडम म्हणाल्या होत्या की रोज घरी एक-दीड किलोचं काहीतरी हातात धरून, हात लांब करून, मिनिटभर स्थिर उभं राहायचं. मी पाण्याची बाटली धरून पाहिली, ती निसटली. मग मला आपलं ड्रिल मशीन आठवलं. काळं, मूठ असलेलं, वजन बरोबर, बोट ठेवायला चापसुद्धा. रोज संध्याकाळी साडेसहाला मी खिडकीत उभा राहून ते समोरच्या ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावरच्या जास्वंदीच्या कुंडीवर रोखायला लागलो. कुंडी छान लाल होती, डोळ्यांत भरायची. कुंडीला पाणी घालायला कोणी येत असेल हे, खरं सांगतो आप्पा, माझ्या डोक्यातच आलं नाही. एक डोळा झापडीखाली होता आणि दुसऱ्याला फक्त कुंडी दिसत होती.

नवव्या दिवशी बेल वाजली. दारात दोन पोलीस, दोघेही आपल्या सारंगच्या मुलाएवढे. मी घाबरून दोन्ही हात वर केले. उजव्या हातात ड्रिल तसंच होतं.

“अंकल,” त्यातला एक शांतपणे म्हणाला, “पुट डाउन द ड्रिल फर्स्ट.”

मी ठेवलं. मग न विचारता सगळं सांगत सुटलो. क्लबाचं कार्ड, एम्प्लॉयमेंट पास, पासपोर्ट, लग्नाचा दाखला असं सगळं टेबलावर मांडलं. त्याच टेबलावर भोकं पडलेले चाळीस कागद आणि इटलीच्या सुताराचं पत्र होतं, त्यामुळे माझी बाजू भक्कम होण्याऐवजी ढिली झाली. पास जातो, नोकरी जाते, तन्वीची शाळा जाते, असं सगळं मला एका मिनिटात दिसलं. त्यांनी क्लबात फोन केला, ड्रिल उलटंसुलटं करून पाहिलं, नावं लिहून घेतली. जाताना तो मुलगा म्हणाला की पुढच्या वेळी भिंतीकडे तोंड करा. एवढ्यावर सुटलो. पुढे काही झालं नाही आणि होणारही नाही. माझ्या कंपनीपर्यंतही काही गेलेलं नाही.

पण सुटलो असं वाटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी संजीवनी मला हाताला धरून समोरच्या ब्लॉकमध्ये घेऊन गेली. बरोबर बेसनाचे लाडू. अकराव्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्या. त्यांनी दार साखळीपुरतं उघडलं आणि मला पाहून परत लावलं. बऱ्याच वेळाने तन्वीने बाहेरून समजावल्यावर उघडलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला फक्त कुंडी दाखवली. एक आठवडा त्या गॅलरीत आल्याच नव्हत्या. पडदा लावून आत बसायच्या. जास्वंदीची पानं वाळून गळाली होती. कारखान्यात जागोजागी ‘धोका’ म्हणून पाट्या लावणारा मी, एका म्हातारीला तिच्याच घरात आठवडाभर कोंडून बसलो होतो.

घरी आल्यावर संजीवनी जे बोलली ते तुम्हाला ती कधीच सांगणार नाही, म्हणून मी लिहितो. (तिने विचारलं तर हे पत्र पोहोचलंच नाही.)

ती म्हणाली, “आप्पा घरी आले की आई त्यांचं रिव्हॉल्व्हर घेऊन कपाटात ठेवायची, कुलूप लावायची आणि मगच चहा टाकायची. मी आणि सारंग आत अभ्यासाला बसलेलो असायचो आणि कुलपाच्या आवाजाकडे कान लावलेले असायचे. ज्या दिवशी तो आवाज यायला उशीर व्हायचा त्या दिवशी आई जेवायची नाही. आणि तू ती वस्तू हौसेनं शोधत गेलास.”

सतरा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. मी तुमच्या रिव्हॉल्व्हरबद्दल लग्नात अभिमानाने सगळ्या मित्रांना सांगितलं होतं.

मी सभासदत्व सोडायचं ठरवलं. संजीवनीने काही मागितलं नव्हतं, पण राजीनामा देताना ती समोर असावी असं मला वाटलं, म्हणून गेल्या शनिवारी तिला घेऊन क्लबात गेलो. मॅडम गोहनी माझं सगळं ऐकून घेतलं. ड्रिलचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला आणि दुसऱ्यांदा चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी संजीवनीला विचारलं की तुम्हाला हातात घेऊन बघायचंय का. ती नको म्हणेल अशी माझी खात्री होती. लहानपणी त्या कपाटाला हात लावायचीही तिला बंदी होती. तिने पर्स माझ्याकडे दिली आणि पुढे झाली.

तिने एकच गोळी झाडली. कुठे लागली ते बघितलंही नाही. पिस्तूल खाली ठेवलं, तळहात साडीला पुसला आणि म्हणाली, “जड असतं.” मॅडम म्हणाल्या, हो, असतंच. परत येताना जुरोंग ईस्टपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी राजीनाम्याचा कागद तसाच खिशात घेऊन परत आलो, कारण तो कोणी मागितलाच नाही.

तर आप्पा, एकंदर परिस्थिती अशी. चहा परत सुरू झाला आहे. ड्रिल मी रोहनला देऊन टाकलं. आजींना जास्वंदीचं नवीन रोप दिलं. त्या आता खिडकीतून हात करतात, मीही करतो, पण बोटं पसरून, म्हणजे गैरसमज नको. पिस्तुलाचं वेड बारा आणे उतरलं आहे असं समजा आणि निश्चिंत राहा. सारंगला आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला नमस्कार.

तुमचा (अजून तरी निर्दोष) जावई,
निशिकांत

ता. क. उरलेल्या चार आण्यांबद्दल. क्लबाच्या सभासदत्वाचं नूतनीकरण या महिन्यात आहे. त्यासाठी अर्जदाराला दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचं चारित्र्याचं प्रमाणपत्र लागतं. निवृत्त पोलीस इन्स्पेक्टरांपेक्षा प्रतिष्ठित माणूस मला सुचला नाही. ‘शांत, विचारी, कुटुंबवत्सल’ एवढं लिहिलंत तरी पुरे. ड्रिलचा उल्लेख आवश्यक नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालताना कळलं की प्रमाणपत्रं दोन लागतील. दुसरा अर्ज संजीवनीचा आहे. तिने काल माझ्याआधी भरून टेबलावर ठेवला होता आणि मला त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. त्यात एक रकाना आहे: ‘आपण नेमबाजी का शिकू इच्छिता?’ मी फेब्रुवारीत तिथे ‘एकाग्रता व आरोग्य’ असं लिहिलं होतं. तिने लिहिलंय: ‘माझ्या वडिलांनी तीस वर्षं काय वागवलं ते मला कळायला हवं.’

माझ्या प्रमाणपत्राची घाई नाही, आप्पा. तिचं आधी लिहा. आणि पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या.