हिराम पेटिसचा डावा हात

डेट्रॉइट,
रविवार, चर्चमधून आल्या आल्या

प्रिय लूशस,

तुझं पत्र मिळालं. वाचून तुझ्या डोक्यात काहीतरी हाणावंसं वाटलं. तू तिकडे फिनिक्सच्या उन्हात जाऊन बसलायस म्हणून वाचलास. रेनीचाही फोन आला होता. तुझी लेक तुझ्यावर गेलेली नाही, मनातलं बोलून टाकते. म्हणाली, "टीनी आंटी, बाबांनी जॅझच्या सगळ्या तबकड्या विकायला काढल्यात. ट्रम्पेटसुद्धा. महिनाअखेरीला माणूस येणार आहे न्यायला. तुम्ही तरी सांगून बघा." मी म्हटलं, बाळा, तुझ्या बापाने आजवर माझं काय ऐकलंय? पण बघते. तेव्हा ही विनवणी समजू नकोस, हे भांडण आहे. कॉफी ओतून घे आणि बस.

तू लिहितोस, जॅझ मेला, आता कशाला ते सामान सांभाळायचं. आताची पोरं म्हणे शाळेत जाऊन स्वर मोजायला शिकतात, कुणी उपाशी राहिलेलं नाही, कुणी बसस्टँडवर झोपलेलं नाही, मग वाजवणार काय, कपाळ? वा! आणि आपल्या वेळी सगळे देव होते का रे? बाराव्या रस्त्यावरच्या क्लबात तो जाड्या सॅक्सोफोनवाला होता, आठवतो? रोज तेच तेच वाजवायचा, पण घाम असा गाळायचा की पुढच्या टेबलावरच्या बायका टाळ्या पिटायच्या. तूच म्हणायचास, याच्या रुमालालाच पगार द्यायला हवा. आपल्या वेळचा कचरा आपण विसरलो आणि यांचा अजून डोळ्यांसमोर पडलेला आहे, एवढाच काय तो फरक.

विकायच्या आधी जरा त्या कपाटासमोर उभा राहा. त्यातली ती निळ्या कव्हरची काढ, जिच्यात सॅक्सोफोनवाला चुकून आधीच घुसतो आणि मग ती चूक अशी निभावतो की बाकीचे त्याच्यामागे जातात. ती तू मला ऐकवलीस तेव्हा आपण विशीतही नव्हतो. तुझ्या आईचं तळघर, वर तिच्या मासे तळण्याचा वास, आणि तुझी ती खाकी पिशवी. कव्हर काढून ठेवायचं, मधल्या लेबलवर कागद चिकटवायचा, तबकडी किराण्याच्या पिशवीतून आणायची. दुसऱ्याने दोन्ही बाजू गप्प बसून ऐकायच्या आणि मग सांगायचं, कोण वाजवतंय. नाव बघून वाहवा करणाऱ्याला तुझ्या तळघरात जागा नव्हती. केवढा आवडला होता मला तो नियम! तू गाव सोडलंस तरी पोस्टाने पिशव्या चालू राहिल्या. तू कधी चुकला नाहीस. मी चुकायचे, आणि तू पत्रात इतका माज करायचास की तुझी डोरोथिया, देव तिला शांती देवो, खाली दोन ओळी माफीच्या लिहायची.

त्याच तळघरात आणखी एक गोष्ट झाली होती. ती मी काढणार नव्हते, पण आता हात थांबत नाही. तू बँड घेऊन न्यूयॉर्कला निघालास आणि पियानोवर कुणीतरी हवं होतं, तेव्हा मीही वाजवून दाखवलं होतं. तू खिडकीकडे बघत ऐकलंस. मग म्हणालास, "हात गोड आहे गं टीनी तुझा. पण हा डावा हात चर्चचा आहे. गावोगाव वाजवत फिरायचं, हे रस्त्यावरचं जगणं तुला झेपायचं नाही." आणि क्लीव्हलंडचा तो पोरगा घेऊन गेलास, जो पुढे दारू पिऊन तुझ्याच सुटकेसवर ओकला. मी चर्चमध्ये वाजवत राहिले. लग्नं वाजवली, मयती वाजवल्या. तुझ्या आईचीसुद्धा. मला राग आला नव्हता असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आला होता, लूशस. अजूनही आहे.

असो. इकडची खबर सांगते. आमच्या चर्चच्या तळघरात तीन-चार पोरं सरावाला येतात, तिथे हीटर फुकट मिळतो म्हणून. मी पहिल्यांदा खाली गेले ती त्यांना दम द्यायला. वर प्रार्थना चालली होती आणि खालच्या दणदणाटाने छताचे पापुद्रे पडायची वेळ आली होती. मार्क्वेल ड्रम वाजवतो. नेहमी उशिरा येतो आणि वर "मिस अर्नेस्टीन, रागावल्यावर तुम्ही तरुण दिसता" म्हणतो. झुरी खर्जाचा बास वाजवते, बारीकशी पोर, बोलत नाही, पण ती एकदा वाजवायला लागली की पायाखालची जमीन पक्की वाटते. दर गुरुवारी आम्ही एकमेकांना तबकड्या ऐकवतो. मी तुझा पिशवीचा नियम लावून दिलाय. मी त्यांना आपली ती निळी ऐकवली आणि मार्क्वेलने ती चुकीची जागा पुन्हा लावायला सांगितली, मग पुन्हा, शेवटी झुरीने त्याला धपाटा घातला. त्यांनी ऐकवलेलं सगळं मला रुचतं असं नाही. एकात तर नुसता फ्रीज बिघडल्यासारखा आवाज होता आणि मी तसं तोंडावर सांगितलं. पण एक होतं, त्यात एक मुलगी ट्रम्पेट इतकं हळू वाजवत होती की मी श्वास धरून बसले. तुझ्या सुरुवातीच्या दिवसांत तू तसं वाजवायचास, लोकांना दाखवायला लागण्याच्या आधी.

आता मुद्द्यावर येते. मी वसंतात तुला पिशवीतून जी तबकडी पाठवली, तिच्यावर तू अख्खं पान लिहिलंस. म्हणे हा टोलेडोचा पियानोवाला हिराम पेटिस, दुसरा कुणी असूच शकत नाही. म्हणे हे त्याचं हरवलेलं काम असणार, तो लवकर गेला, त्याची एकच तबकडी जगाला ठाऊक आहे, टीनी तुला हे कुठल्या माळ्यावर सापडलं? म्हणे हा डावा हात ऐकून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. असा हात आता जन्माला येत नाही, आयुष्यभर रस्त्यावर मार खाल्लेल्या माणसाचा हात आहे हा. हे वाचून मी इतकी हसले की जिन्यावर बसावं लागलं. लूशस, ती तबकडी मागच्या हिवाळ्यातली आहे. इथल्याच एका छोट्या कारखान्यात छापून घेतली, कोरी करकरीत. मग मी ती स्वयंपाकघराच्या फरशीवर टाकली आणि झाडलेली धूळ घेऊन फडक्याने चांगली चोळली. झुरी ओरडत होती, "मिस अर्नेस्टीन, काय करताय!" मी म्हटलं, म्हातारी करतेय तिला, एका म्हाताऱ्याला आवडावी म्हणून. खरखर कानावर पडल्याबरोबर तुला ती खरी वाटली. तू सगळ्यांना कानांचा नियम शिकवलास आणि स्वतः धूळ ऐकत बसलास. ड्रमवर मार्क्वेल आहे. बासवर झुरी आहे.

आणि पियानोवर मी आहे. तू ज्याच्यासाठी रडलास तो रस्त्यावर मार खाल्लेला हात माझा आहे, घरून चर्चला आणि चर्चमधून घरी, जन्मभर बसने गेलेला. सांधे धरलेत, वाजवण्याआधी गरम पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, पण तोच आहे, तू खिडकीकडे बघत ऐकलेला. त्यात काडीचा फरक पडलेला नाही. तेव्हा जॅझ मेला हे तू मला सांगू नकोस, त्याच्यावर तू स्वतःच्या हाताने पानभर लिहिलंयस आणि ते पान मी पियानोवर लावलंय. आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. आमच्या बँडला ट्रम्पेट नाही. त्या माणसाला कपाट द्यायचं तर दे, पण ट्रम्पेट देऊ नकोस. ते घे, रेनीला तिकीट काढायला सांग आणि इकडे ये. गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या दाराने, खाली. जागा तुझीच आहे असं मात्र धरून चालू नकोस. बँड माझा आहे. तू आधी वाजवून दाखवायचं. मी खिडकीकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघून ऐकेन, आणि मग सांगेन, झेपेल का ते.

तुझीच,
टीनी