तळ्यावरून गेलेली वाट

लिसेट, १७ फेब्रुवारी

प्रिय औदुन,

तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते. इथे बाबांचं जेवण ठीक, झोप ठीक. बर्फ यंदा उशिरा पडला, पण पडला तो भरपूर. तीन वर्षांनी माझं पत्र बघून दचकशील. फोन करणार होते, दोनदा नंबर लावला आणि कापला. बोलताना मी विषय बदलते, तुला माहीतच आहे. लिहिताना ते तेवढं जमत नाही.

ओशिल्डबाईंचं कानावर आलं असेल. तुला वाचायला ज्यांनी शिकवलं, त्याच. तीन तारखेला सकाळी स्की करताना तळ्यावरचा बर्फ फुटला आणि त्या पाण्यात गेल्या. मी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. जीव वाचला, पण गारठलेल्या उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. पेपरात माझा फोटो आला. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी केक घेऊन येतं. फ्रीजमध्ये जागा नाही.

आता ते सांगते, जे पेपरात आलं नाही.

बाबा अजून स्कीची वाट करत होते. हो, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. पहाटे उठून बर्फावरची स्कूटर काढायची, मागे तो लोखंडी सांगाडा जोडायचा आणि जंगलातून बारा किलोमीटर बर्फ दाबून दोन सरळ खाचा पाडून यायचं. सुट्टीच्या दिवशी सात वाजता पहिला माणूस स्की बांधून निघतो तेव्हा वाट तयार. चौतीस वर्षं. त्या नाताळात तू म्हणालास, "ताई, बाबा विसरायला लागलेत, त्यांच्याकडून किल्ली काढून घे." मी म्हणाले, "वर्षातून दोनदा येणाऱ्याने शहाणपण शिकवू नये." तू त्याच संध्याकाळी गाडी काढलीस.

किल्ली काढून घेऊन त्यांना काय देणार होते मी, औदुन? आई गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

तीन तारखेला आठ वाजता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. बघते तर वाट काठाने वळलेलीच नाही. सरळ तळ्यावरून गेली होती, आपल्या लहानपणी जायची तशी. ओढा तळ्याला मिळतो तिथे हल्ली बर्फ धरत नाही, म्हणून बारा वर्षांपूर्वी आपणच ती काठाने फिरवली होती. सगळ्या गावाने मिळून झाडी तोडली होती. बाबांनीच खुणा ठोकल्या होत्या. आणि त्या सकाळी ते तिथूनच स्कूटर घेऊन गेले. ते कसे वाचले, मला कळत नाही. पण वाट इतकी देखणी झाली होती! दोरी लावून आखल्यासारखी.

गावच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'तळ्यावर जाऊ नका.' लिहिलं आणि पाठवायच्या आधीच पुसलं. लगेच सगळ्यांनी विचारलं असतं, तळ्यावर वाट केली कुणी? म्हटलं, शाळेची मुलं दहाला निघतात, त्याआधी खांब आणि दोर लावून गुपचूप बंद करू. कुणाला कळणारही नाही.

खांब आणायला शेडमध्ये गेले तर बाबा तिथेच होते. गाल लाल झालेले, एकदम खुशीत.

"इंगुन, बघितलीस का वाट? या वर्षातली सगळ्यात चांगली!"

"बघितली, बाबा."

"भूक लागलीय गं. खीर टाकतेस?"

मी घरात गेले. खीर शिजवली. वर लोणी, दालचिनी घातली. ते खात असताना समोर बसून राहिले. का बसले, ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस मिनिटं गेली. मग दोर खांद्यावर घेऊन तळ्याकडे गेले, तर बाईंचा आवाज आला.

गाव म्हणतं, नशीब, इंगुनकडे दोर होता.

हॉस्पिटलमध्ये सगळं सांगायचं म्हणूनच गेले होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. म्हणाल्या, "मला काय आनंद झाला होता माहितेय? म्हटलं, तुझ्या वडिलांनी, तॉरमूडने, जुनी वाट उघडली! आणि तॉरमूडची वाट म्हणजे मी कशाला बघायला जातेय पुढे बर्फ कसा आहे ते?" मग म्हणाल्या, "तुझ्याकडे दोर कसा काय होता गं?"

मी म्हणाले, "शर्यतीच्या खुणा लावायला निघाले होते."

"देवच पावला," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने माझा हात धरून बसल्या.

स्की मंडळाच्या स्टाइनारला मी तेवढं सांगितलं की बाबांनी चुकून वाट तळ्यावरून नेली. "गेल्या वर्षी ते माझ्या अंगणातून खाचा पाडत गेले होते," तो म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, इंगुन. पण तॉरमूडला सांगणार कोण?" ग्रुपवर पुसलेल्या ओळीचं आणि त्या चाळीस मिनिटांचं मी त्यालाही सांगितलं नाही.

किल्ली मी लपवली आहे. स्कूटर दुरुस्तीला दिलीय असं बाबांना सांगते. रोज सकाळी नव्याने सांगते. चालवायला दुसरं कुणी तयार नाही, त्यामुळे वाट बुजली. लोक पायी तुडवतात, कुत्री फिरवतात. बाबा खिडकीतून बघतात आणि चिडतात, "कुणाकडे आहे हे काम? लाज नाही वाटत?" त्यांना काही आठवत नाही. बाई पडल्याचं सांगितलं की प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडतात. म्हणून आता सांगत नाही.

येत्या रविवारी डोंगरावरच्या झोपडीत वाफल्स आणि कॉफी आहे. तिथे मंडळ माझा सत्कार करणार आहे. नको म्हणून बघितलं, तर म्हणाले, किती साधी आहेस तू. बाईंना अशक्तपणामुळे अजून चालवत नाही, तरी व्हीलचेअरवरून येणार आहेत, त्यांनी हट्टच धरलाय.

तुझं खरं होतं. मी तुला घालवून दिलं.

तू ये असं म्हणत नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझ्या हातात नाही. पण हे पत्र फाडू नकोस. बाईंचा पत्ता खाली लिहिला आहे. त्यांना ते पाठवायचं की नाही, तू ठरव. माझ्याच्याने होत नाही.

तू जे ठरवशील ते मान्य असलेली,
तुझी ताई
इंगुन

ओशिल्ड हाउगेन, शाळेमागचं पिवळं घर, लिसेट.