होडीला उंबरठा नसतो

चिंचणी,
फेब्रुवारी अखेर

ती. स्व. मंजुळाताईस,

धाकट्या दिनाचा साष्टांग नमस्कार. वैतरण्याला थंडी ओसरली का आणि तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. इकडे माझा अपमान सोडला तर सगळे खुशाल. पत्र बघून घाबरू नकोस. फोनच केला असता, पण आमच्या घरात आता फोन स्पीकरवर लावून सगळ्यांनी मिळून ऐकायची पद्धत पडली आहे.

पहिल्यांदा एक स्पष्ट सांगतो, मी वाकलेलो नाही. ललितच्या लग्नात आपल्या दांडीच्या व्याह्यांनी, म्हणजे त्या प्रदीपने, भर पंगतीत "वाडीवाल्यांना पाणी म्हंजे पंपातला, दर्याचा त्यांना काय ठावं नाय" असं म्हटलं आणि सगळा मांडव खो खो हसला (आपला मांडव, आपली जिलेबी तोंडात!). तेव्हाच मी शपथ घेतली, की या माणसाच्या उंबरठ्याला पाय लावणार नाही. तूही तिथल्या तिथे "शाब्बास दिना, मोडलीस तर तोंड बघणार नाही तुझं" म्हणालीस. तीन वर्षं झाली, शपथ ठणठणीत आहे.

आता सूनबाईंचं ऐक. तेजलने एक जानेवारीला जाहीर केलं, की यंदा घरातल्या सगळ्यांनी मिळून दर महिन्याला एक नवीन अनुभव घ्यायचा. जानेवारीत बोईसरला नेऊन आम्हाला काड्यांनी शेवया खायला घातल्या. (मी एक काडी खिशात घालून हाताने खाल्लं. ललित दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.) फेब्रुवारीत म्हणाली, होडीत बसायचं. होडी कुणाची, तर तिच्या बापाची, त्या प्रदीपचीच. मी साफ नाही म्हटलं. तर म्हणते, "बाबा, होडीला उंबरठा कुठे असतो?" यावर उत्तर सुचेपर्यंत शालू साडी बदलून आली. लग्न होऊन आल्यापासून समुद्र कुंपणावरूनच बघतेय म्हणे, आता जवळून बघणार. बायकोच्या हौसेपुढे कुणाचं चाललंय?

पण त्या सकाळी मिरचीला पाणी द्यायचं होतं. शेवटचे वाफे कोरडे टाकून निघणारा मी नव्हे. बंदरावरून प्रदीपचे फोनवर फोन, "शेठ, पाणी उतरतंय, निघा!" मी म्हटलं, समुद्र इतकी युगं थांबलाय, एक वाफा आणखी थांबेल. तो थांबला नाही. आम्ही होडीत बसलो, खाडीच्या तोंडापर्यंत गेलो आणि पाणी सरळ खालून निघून गेलं. होडी चिखलात कलली, शालू माझ्यावर, मी प्रदीपवर. बंदर समोर दिसतंय, पण चिखलात उतरावं तर मांडीपर्यंत रुतायला होतं. प्रदीप म्हणाला, "आता भरती येईस्तोवर आपन हितंच." डोक्यावर ऊन, शेजारी वैरी.

दर्याला वाहायला म्हणून वाडीतला नारळ नेला होता, तो फोडून आम्हीच खाल्ला. शालूने डब्यात वालाचं बिरडं आणलं होतं. प्रदीपने दोनदा मागून घेतलं आणि मग आपला टॉवेल भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला. ताई, मी सारखी वाट बघत होतो, की आता म्हणेल, मग म्हणेल, ते पंपाचं. एवढी आयती संधी! लग्नात नुसतं म्हणाला होता, आता तर मी पुरावाच दिला होता. पण तो माणूस अख्ख्या ओहोटीत त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मला याचाच भयंकर राग आला. घरी येऊन त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता मार्चचा नवीन अनुभव तेजलने सांगितला आहे: सगळ्यांनी मिळून तिच्या माहेरी जेवायचं. "तीन वर्षांत एकदाही झालं नाही, म्हणजे नवीनच की," असं म्हणाली. हसत म्हणाली, पण चुलीकडे तोंड करून म्हणाली. मी तिला ठणकावून सांगितलं, शपथ म्हणजे शपथ. आजही तेच सांगतो. प्राण गेला तरी बेहत्तर.

तुझा (ताठ) भाऊ,
दिनानाथ

ता. क. येत्या रविवारी सकाळी फोन कर आणि मला सणसणीत झाप. "दिना, मुकाट्याने दांडीला जा, नाहीतर तोंड बघणार नाही," असं म्हण. थोरल्या बहिणीची आज्ञा मोडायची आपल्या घरात रीत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्पीकर चालूच असेल.

ता. ता. क. मी दोनदा नाही म्हणेन. घाबरून फोन ठेवू नकोस, तिसऱ्यांदा आणखी जोरात ओरड. पण फार वेळ लावू नकोस. मिरचीला पाणी मी शनिवारीच देऊन ठेवणार आहे आणि फोन चपला घालूनच घेणार आहे.